नाखव्याच्या पडवीतला हौद

सकाळी उठल्यावर कमळ आधी चहाचं आधण ठेवत नसे, देवापुढेही जात नसे. ती आधी पडवीत जाई, हौदाचं जाडजूड झाकण दोन्ही हातांनी अर्धं दुमडी आणि वाफ तोंडावर घेत नुसती उभी राही. एवढं पाणी, आणि तेही गोडं! रात्रभर झाकलेलं होतं आणि तरी गरम! कुठे जाळ नाही, धूर नाही, बंब नाही. एका कोपऱ्यात मशीन घुं घुं करतंय आणि पाणी आपलं वाट बघितल्यासारखं थांबलंय. रोज तेच दिसायचं आणि रोज तिचा श्वास घटकाभर अडायचा.

कमळचा श्वास अडणं ही काही साधी गोष्ट नव्हती. वेसाव्यात जन्मलेली आणि लग्न होऊन बोरीवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात आलेली ही बाई उभा जन्म बाजारात मासळी विकत बसली होती. तिच्यापुढे भाव करायला भल्याभल्यांची जीभ अडखळे. कुणी पापलेटाचा कल्ला उगाच उचकून पाहिला, की ती म्हणे, "ठेव गो खाली, लाजतंय ता." गिऱ्हाईक हसे, तीही हसे आणि भाव होता तिथेच राही. अशा बाईला गप्प करणारी वस्तू जगात असेल असं पाड्यात कुणाला वाटलं नव्हतं. ती वस्तू तिच्याच घरात येऊन बसली.

तिचा मुलगा कृणाल अंधेरीच्या टॉवरांमधल्या पोहण्याच्या तलावांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होता. सांताक्रूझला एक जुना बंगला पाडायला निघाला होता. मालक म्हणाला, हा हॉट टब कुणाला हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. चौघं माणसं आरामात बसतील असा चौकोनी टब, आत बसायला घडवलेली बाकं, भिंतींना पाण्याचे फवारे सोडणारी तोंडं. कृणालनं तो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढे बाप उभा राहिला.

बाप म्हणजे धर्मा नाखवा. थंडीत एका पहाटे त्याच्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, डावा पायही काठीच्या आधाराने चार पावलं टाकण्याइतका सुधारला, पण डावा हात गेला तो गेलाच. हा त्याचा सुकाणूचा हात. उभ्या हयातीत त्याने त्या हाताने होडी वळवली होती आणि उजव्याने बाकीचं सगळं जग सांभाळलं होतं. आता तो हात मांडीवर पडून असे आणि धर्मा त्याच्याकडे पाहतसुद्धा नसे. होडी पुतण्याकडे, भीमराजकडे गेली. जाळीही त्याच्याच दारात गेली. ज्या पडवीत रात्रंदिवस जाळी विणायचं, सांधायचं काम चाले, ती पडवी रिकामी झाली आणि तिथे धर्माची खुर्ची आली.

व्यायाम शिकवायला बोरीवली स्टेशनजवळून समीक्षा नावाची मुलगी येई. एक दिवस तिने कमळला ओट्यापाशी गाठून हळूच सांगितलं, "काकू, खांदा आखडत चाललाय. हात लावला की काका दुखतंय म्हणून दातओठ खातात, मला काही करूच देत नाहीत. कोमट पाण्यात बसवता आलं तर पाणी हाताचं वजन घेतं, दुखणं कमी होतं. डॉक्टरांचीही हरकत नाही. पण हे आत्ताच व्हायला हवं. एकदा खांदा गच्च धरला की मग मीही काही करू शकणार नाही."

टब आला तो या बोलण्यावर.

गल्ली इतकी अरुंद की टेम्पो कोपऱ्यावरच अडला. कृणाल डोकं खाजवत राहिला. भीमराजला मात्र त्यात अडचण अशी काही दिसलीच नाही. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या असतात तेव्हा खाली घालतात ते गोल ओंडके त्याने आणवले, टबाखाली सारले, दोर लावला आणि खलाशांनी "होऽऽ हैय्या!" करत तो पांढराशुभ्र टब होडीसारखाच गल्लीतून ओढत आणला. दारोदारच्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. म्हातारे टबाला हात लावून बघत होते. सगळा पाडा पुढे कितीतरी दिवस एकच बोलत होता: कमळनं पडवीत हौद बसवला. टब हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, हौदच राहिला.

पण धर्माने हौदाकडे एकदा पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी काय जिताडा हाय, टाकीत सोराया?"

समीक्षानं समजावलं, कृणालनं विनवलं, भीमराजनं मस्करी करून पाहिली. ज्या माणसाने वादळातून होडी परत आणली त्याने चार माणसांकडून उचलून घेऊन एका डबक्यात बसायचं? धर्माने भिंतीकडे तोंड केलं. कृणालही बापाचाच मुलगा. तो तडकला. "ठीक आहे. मनोरीचा एक रिसॉर्टवाला मागतोय. दिवाळीपर्यंत बघतो, नाही बसले तर देऊन टाकतो. एवढी लाईट जाळून काय, पाण्याकडे बघत बसायचं?"

कमळनं मुलाला एवढंच विचारलं, "याची देखभाल कशी करतात ते दाव मना."

आणि ती शिकली. कागदाची पट्टी पाण्यात बुडवून रंग उमटतो तो डबीवरच्या रंगांशी ताडायचा. पाणी आंबटाकडे झुकलं का बघायचं. क्लोरीन मोजून घालायचं, तेही मशीन चालू असताना, आणि वर झाकण उघडं ठेवायचं. फिल्टर काढून नळाखाली धरायचा, त्याच्या चुण्या बोटांनी उघडून आतला मळ काढायचा. तिला ही कामं जमली, कारण रोज पाण्यात हात घालणं तिला नवं नव्हतं. नवं होतं ते पाण्याचं गरम असणं. तिच्या हातांनी जन्मभर बर्फ उपसला होता. बोटांची पेरं सुजलेली, हिवाळ्यात मूठ वळत नसे. आता पट्टी बुडवायच्या निमित्ताने ती कोपरापर्यंत हात पाण्यात घाली आणि जरा जास्तच वेळ ठेवी. बोटं एकेक करून सैल होत. तेव्हा तिला वाटे, हे सुख आहे हे आपल्याला कुणी सांगितलंच कसं नाही.

तिच्या लहानपणी तीन बाजूंना समुद्र आणि गोडं पाणी हंड्याने. नळावर भांडणं, हंड्यांची रांग, डोक्यावर चुंबळ. आंघोळ म्हणजे अर्धी बादली, त्यातलंही तांब्याभर पुढच्या भावंडाला ठेवायचं. आणि आता एवढं पाणी, ज्याने तांदूळ धुवायचे नाहीत, जे प्यायचं नाही, ज्यात फक्त माणसानं बसायचं. पहिले काही दिवस तिला ते पापच वाटलं. मग पाण्यातला दिवा लागला, आतून निळा उजेड पसरला, फवाऱ्यांनी पाणी गरागरा फिरायला लागलं आणि पापबिप ती विसरून गेली. शेजारणीला म्हणाली, "गो, बग तरी! खारीला उधाण यावा तसा करतंय, पन आपन सांगू तवाच."

पालिकेचा माणूस डासांच्या अळ्या तपासायला आला तेव्हा झाकण उघडून तो बॅटरी मारतच राहिला. त्याच्या नोकरीत त्याने पिंपं, टाक्या, टायर, कुंड्या सगळं पाहिलं होतं. "मावशी, हे काय आहे?" कमळनं त्याला सगळं सांगितलं, पट्टीसुद्धा बुडवून दाखवली. जाता जाता त्याने चपला काढून पाण्याला हात लावला आणि तो हात शर्टाला पुसला नाही, तसाच धरून गेला.

धर्मा हे सगळं खुर्चीतून ऐकत असे. कमळ त्याला बस म्हणत नव्हती. उशिरा येणाऱ्या माणसाचं जेवण झाकून ठेवावं तसं ती रोज पाणी तयार ठेवी, संध्याकाळी झाकण लावी. पण समीक्षा आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस कमळला होत नसे. हात दर खेपेला थोडा कमी वर जात होता. पाणी तयार होतं, माणूस येत नव्हता आणि खांदा थांबायला तयार नव्हता.

नारळी पुनव आली. पाड्यातल्या होड्या धुऊन, रंगवून, पताका लावून तयार झाल्या. दरवर्षी नाखवा म्हणून धर्मा सोनेरी कागदाचा नारळ घेऊन बंदरावर जाई आणि खाडीत सोडी. या वर्षी भीमराज बोलवायला आला तर धर्मा म्हणाला, "तूच सोर. मी नाय येत. खुर्चीत बसून दर्याला तोंड दावू?" भीमराज मान खाली घालून गेला. थोड्या वेळाने ढोल-ताशा गल्लीवरून गेला, बायकांची गाणी गेली आणि पडवीत दोघंच उरली.

कमळच्या मनात एकदम आलं, की चूक आपलीच आहे. घरात एवढं पाणी आलं, दोन महिने झाले, आणि त्याची पूजा कुणी केली? होडीला करतात, दर्याला करतात, नव्या जाळ्यालाही कुंकू लावतात. हे पाणी तसंच ठेवलं, कोरडं. मग माणूस त्यात पाय कसा घालील? त्या विचाराने तिला धीरच आला. आदल्या दिवशी तिने हौद कडेकडेनं, होडी धुतात तसा, कपड्यांच्या पावडरीने घासून काढलाच होता. घासताना थोडी पावडर आत पडली, पण एवढ्या पाण्यात तेवढ्याचं काय? आता तिने नारळाला सोनेरी कागद गुंडाळला, ताटात हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूची फुलं घेतली. सगळं पाण्याला मनोभावे वाहिलं. धर्माची खुर्ची हौदाशी ओढली आणि नारळ त्याच्या उजव्या हातात दिला.

"सोरा," ती म्हणाली. "ह्यो पन दर्याच हाय. लहान हाय, पन आपल्या घरी चालून आलाय."

धर्माने तिच्याकडे पाहिलं. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, पण तिकडे बंदरावर ढोल वाजत होता आणि ती हात जोडून उभी होती. त्याने वाकून नारळ पाण्यात सोडला. नारळ डुलत मधोमध गेला. कमळला भरून आलं. आता पाण्याला लाटा हव्यात म्हणून तिने बटण दाबलं.

पहिल्यांदा झेंडूच्या पाकळ्या गोल फिरल्या, फार सुरेख दिसल्या. मग फेस आला. पिवळा, तांबूस, जाड फेस काठाला लागला, काठावरून उतरला, फरशीवर आला आणि तरी वाढतच होता. नारळ त्यात बुडाला, दिसेनासा झाला. कमळ "अगो बाय गो!" करत दोन्ही हातांनी फेस आत ढकलायला लागली तर तो तिच्या हनुवटीला, नाकाला, केसांतल्या वेणीला लागला. मशीनने दोन आचके दिले, पाकळ्या गिळल्या आणि शिट्ट्या मारत ते बंद पडलं.

आणि मागून आवाज आला. खोकल्यासारखा, गंजलेला. कमळ घाबरून वळली. धर्मा हसत होता. पोट धरायला एकच हात होता, तो धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता. वारं गेल्यापासून त्या घरात हा आवाज झाला नव्हता. कमळ फेसाने माखलेली तशीच उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं.

कृणाल मात्र हसला नाही. "आई, फिल्टरची वाट लागली! नळ्यांमध्ये हळद, पंपात फुलं, वर साबण. काय करायचं होतं तुला? बस झालं आता. उद्या त्या रिसॉर्टवाल्याला फोन करतो."

"कर," कमळ म्हणाली. "पन घाण हौद कुनाला द्याचा नाय. आधी मी साफ करीन, नवा फिल्टर आन तू. चालू करून दे, मंग ने."

तो बाजारातला आवाज होता. कृणालनं गुपचूप पाणी सोडून दिलं, नळ्या धुतल्या, पंप उघडून पाकळ्या काढल्या. मग कमळ पदर खोचून रिकाम्या हौदात उतरली आणि गुडघ्यांवर बसून नुसत्या फडक्याने घासायला लागली. धर्माने खुर्ची काठापाशी घ्यायला लावली. "कोपरा ऱ्हायला," तो म्हणाला. "त्या बाकाच्या खाली बग. होरीला पन तिथंच घाण धरते." दुपारभर तो सांगत होता आणि ती चरफडत ऐकत होती. जुने दिवस आल्यासारखं दोघांचंही तोंड चालू होतं.

नळाला पाणी आलं तसा हौद भरला, तापायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळने झाकण उघडलं, पट्टी बुडवली, रंग बरोबर आला. कृणाल फोन करायला बाहेर गल्लीत गेला होता. तळाच्या तोंडात अजून एखादी पाकळी अडकली आहे का, हे तेवढं बघायचं राहिलं होतं आणि तिथे बाहेरून हात पोचत नव्हता. मशीन बंद करून, लुगड्याचा काचा घट्ट मारून कमळने पाय आत टाकला.

साठ वर्षं समुद्राच्या काठावर काढून ती कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. पाण्यात जाणं हे पुरुषांचं. बायका काठावर, टोपली घेऊन. तिच्या आईने तिला वाळूवरून मागे ओढून ओढून वाढवलं होतं आणि तिनेही मुलाला तसंच ओढलं होतं. पाणी मांडीला आलं, कमरेला आलं. ती बाकावर बसायला गेली, ओलं लुगडं फुगलं, पाय सटकला आणि बूड बाकावर टेकलंच नाही. तळ नाही, धरायला काही नाही. "अवो!" ती ओरडली आणि नाकात पाणी गेलं.

धर्मा कसा उठला ते त्यालाही कळलं नाही. काठीचा विचार करायला वेळ नव्हता. तो छातीवर काठावर आडवा पडला आणि उजवा पंजा पाण्यात घालून त्याने तिची मान खालून धरली.

"आखडू नको गो. पाठ सोर. सोर म्हंतो ना! मी धरलाय. हात पसर. पानी धरील तुना."

तिने हात पसरले. काय करतेय हे न कळताच पसरले. आणि मग काहीच झालं नाही. ती बुडाली नाही. पाय आपोआप वर आले, कंबर वर आली, सगळी सुजलेली पेरं, दुखरे गुडघे, पाट्या उचलून दबलेली मान, सगळं एकदम वजनाशिवाय झालं. कान पाण्यात होते म्हणून गल्लीचा आवाज बंद झाला. वर पडवीचे पत्रे आणि नवऱ्याचा उलटा चेहरा. कमळचे डोळे मोठे झाले. तिला जन्मात कुणी असं उचलून धरलं नव्हतं, आईनेही नाही. एवढा मोठा देव घरापाशी होता आणि आपण त्याच्या पायांशीच उभे राहिलो, असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या पाण्यात मिसळलं.

"असा असता काय?" ती म्हणाली. "दर्यात तुमाला रोज असा असायचा?"

धर्मा तिच्याकडे बघत नव्हता. काठावर आडवा पडताना त्याचा डावा हातही पाण्यात गेला होता आणि तो ते विसरला होता. तो हात आता वर येत होता. हळू, बोटं थोडी उघडी, तळवा पाण्याला टेकलेला, मनगट, कोपर. खांद्याने ओढ दिली नाही, कळ आली नाही. हात पाण्याच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला, सुकाणू धरायचा तेवढ्याच उंचीला. धर्मा त्या हाताकडे बघत राहिला. वारं गेल्यापासून त्याने तो असा सरळ पाहिला नव्हता.

"मी नाय उचलला," शेवटी तो म्हणाला. "ह्यो पानी उचलतंय."

"ठावं हाय," कमळ पाण्यावर पडल्या पडल्याच म्हणाली. "मना पन त्यानंच उचललाय."

गल्लीतून कृणालचा आवाज येत होता. तो फोनवर कुणाला तरी टेम्पो कोपऱ्यापर्यंतच येईल, पुढे ओंडके लावावे लागतील, असं समजावत होता.

"आरं ए कृणाल," धर्मा ओरडला. वादळात होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या माणसाला ऐकू जावा तो आवाज होता, शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली. "ठेव तो फोन! इकरं ये आनि मना पायाला धर."

मग तो बायकोकडे वळला, तिच्या मानेखालचा हात न काढता.

"सर तिकरं," तो म्हणाला. "जागा कर."